गुळवेलीला औषध राहू द्या

गुळवेलीबद्दल कुणी शंका काढली की चार उत्तरं ठरलेली असतात. हजारो वर्षं वापरात आहे. झाडपाल्याचं औषध, त्याला कसले साइड इफेक्ट? ज्यांना त्रास झाला त्यांनी घेतली ती गुळवेल नव्हतीच. आणि ॲलोपॅथीच्या गोळ्यांनी काय कमी लिव्हर खराब होतात? मी वैद्य आहे. गुळवेल माझ्या चिठ्ठीवर जवळजवळ रोज असते. तरीही ही चारही उत्तरं मला मान्य नाहीत, आणि ती नाकारताना मी आयुर्वेदाच्या विरोधात उभा आहे असं मला मुळीच वाटत नाही. ही उत्तरं देणारे गुळवेलीचं जे नुकसान करताहेत, ते तिच्या टीकाकारांना कधी जमलं नसतं.

आधी घडलं काय, ते पाहू. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने कोविडसाठी आयुर्वेद आणि योगावर आधारलेली राष्ट्रीय चिकित्सा-नियमावली जाहीर केली. गुळवेलीची घनवटी ५०० मिलिग्रॅम किंवा चूर्ण १ ते ३ ग्रॅम, दिवसातून दोनदा कोमट पाण्याबरोबर, पंधरा दिवस किंवा महिनाभर, किंवा वैद्याच्या सल्ल्याने, असं त्यात होतं. लोकांपर्यंत यातलं एकच पोचलं, ते म्हणजे गुळवेलीचं नाव. मात्रा वाटेतच गळली आणि मुदत तर कुणी विचारलीच नाही. सकाळी काढा, दुपारी बाटलीतला रस, रात्री घनवटी, असं महिनोन्महिने चाललं. या वेलीचा कापलेला तुकडा मातीत खोचला तरी फुटतो. त्यामुळे सोसायट्यांच्या कुंपणांवर आणि गॅलरीच्या ग्रिलवर ती पाहता पाहता चढली, आणि घरच्या वेलीचा काढा म्हणजे चहासारखी रोजची गोष्ट झाली. यात आजारी माणसं किती होती? फार थोडी. बहुतेक जण धडधाकट होते आणि आजारी पडू नये म्हणून पीत होते.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत काविळीचे सहा रुग्ण यकृततज्ज्ञांकडे आले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. त्यातल्या काहींना आधीपासून थायरॉइडसारखे आजार होते. एका बाईचा मृत्यू झाला, बाकीचे गुळवेल थांबवल्यावर सावरले. २०२१ मध्ये हे रुग्ण एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आणि गदारोळ उठला. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैत पत्रक काढून ही मांडणी दिशाभूल करणारी असल्याचं म्हटलं. वनस्पतीची ओळख संशोधकांनी नीट पटवलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असू शकते, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्य कालावधी तिथे ४६ दिवस होता, आणि अनेकांच्या तपासण्यांत शरीराने आपल्याच यकृतावर हल्ला चढवल्याच्या, म्हणजे ऑटोइम्यून स्वरूपाच्या, खुणा होत्या.

आता 'ती गुळवेल नव्हतीच' हा बचाव घेऊ. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. क्रिस्पा यकृताला घातक ठरल्याच्या नोंदी आहेत, आणि ती दिसायला गुळवेलीची सख्खी बहीण आहे. पानं दोघींची हृदयाच्या आकाराची. ओळख पटवायची ती खोडावर. पिकलेल्या गुळवेलीच्या बोटभर जाडीच्या कांडीवरची साल कागदासारखी पातळ असते. नखाने खरवडली की पापुद्रे सुटतात आणि आतून हिरवा ओला थर दिसतो. कांडी आडवी कापली तर मधून कडेकडे जाणाऱ्या रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात. फांद्यांवरून सुतळीसारखी बारीक मुळं खाली लोंबत असतात. क्रिस्पाचं खोड मात्र चामखिळींनी भरलेलं असतं, बोट फिरवलं तरी कळावं इतकं. तिसरी एक जात आहे, तिच्या पानांच्या खालच्या बाजूला लव असते. आपल्याकडे तीही गुळवेल म्हणून विकली जाते. मंडईबाहेर जुडी घेणाऱ्या किती जणांनी कांडी आडवी कापून पाहिली असेल? पावडरीच्या डब्यात तर पाहायला कांडीही नसते.

ओळख पटवणं इतकं अवघड असेल, दोन बहिणींतली एक विषारी असेल, तर घरोघरी वेल लावा आणि काढा प्या असं सांगणाऱ्यांची जबाबदारी वाढते की कमी होते? चुकीची वनस्पती पोटात गेली हा रुग्णाचा अपराध नाही. ओळख न शिकवता वापर शिकवणाऱ्यांचा तो दोष आहे. हा बचाव करणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातले नमुने गोळा करून तपासायला हवे होते आणि निकाल लोकांसमोर ठेवायला हवे होते. आपल्या बाजूचे बहुतेक जण मात्र पत्रकावर समाधान मानून मोकळे झाले. शिवाय या बचावात एक गृहीत लपलेलं आहे, की खरी गुळवेल असती तर काही झालंच नसतं. ते गृहीत कुणी तपासलं?

इथे 'हजारो वर्षं' येतात. माझ्या व्यवसायबंधूंशी माझं खरं भांडण आहे ते इथे.

चरकसंहितेत गुळवेलीचा मान मोठा आहे. सूत्रस्थानात आपापल्या कामात श्रेष्ठ ठरलेल्या द्रव्यांची यादी आहे, तिच्यात गुळवेल आहे. चार मेध्य रसायनांत तिचा स्वरस आहे. भावप्रकाशात तर एका अख्ख्या वर्गाला तिचं नाव दिलेलं आहे, आणि रावणवधानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, त्याचे थेंब जिथे पडले तिथे ही वेल उगवली, अशी कथाही तिथे सांगितली आहे. हे सगळं मला प्रिय आहे. पण या ग्रंथांत गुळवेल कुणाला दिली जाते? ज्याला ज्वर आहे, वातरक्त आहे, कामला आहे, प्रमेह आहे, त्याला. वैद्याने नाडी, जीभ, अग्नी, बल पाहून, ठरावीक मात्रेत, ठरावीक काळ. ज्वरातसुद्धा सुरुवातीला लंघन सांगितलं आहे, ताप आला की लगेच काढ्याचा पेला नाही. रसायन म्हणून द्यायची तर आधी शरीराची शुद्धी, कारण मळक्या कापडावर रंग चढत नाही असं सुश्रुत बजावतो.

कोट्यवधी निरोगी माणसांनी एकाच वेळी, वैद्याविना, महिनोन्महिने रोज गुळवेल घ्यावी, हा प्रयोग या देशात २०२० पूर्वी कधीही झाला नव्हता. त्याला हजारो वर्षांची साक्ष कुठून आणणार? परंपरेने जे केलं त्याची साक्ष परंपरा देऊ शकते. तिने जे केलंच नाही त्याची जामीनकी तिच्या नावावर खपवणं ही तिची प्रतारणा आहे.

आणखी एक गोष्ट आपण वैद्यांनी शांतपणे विचारात घ्यायला हवी. हजारांत, कदाचित लाखांत एखाद्यालाच होणारा अपाय एका वैद्याच्या आयुष्यभराच्या अनुभवात दिसेलच असं नाही. त्यातून कावीळ सहा-सात आठवड्यांनी उगवणार. आणि गुळवेल तर कामलेवरचं, म्हणजे काविळीवरचंच औषध. म्हणजे गुळवेलीने एखाद्याचे डोळे पिवळे झालेच असतील, तर आपल्यातल्या चांगल्या वैद्याने त्याला प्रामाणिकपणे काय दिलं असेल? गुळवेलच. तो दगावला असता तर रोगाने दगावला असं लिहिलं गेलं असतं. रक्तातली बिलिरुबिन आणि एन्झाइम्स मोजण्याची सोय होण्याआधी हा अपाय वेगळा काढण्याचा मार्गच नव्हता. तेव्हा पूर्वी कुणी तक्रार केली नाही यावरून पूर्वी त्रास झाला नाही असं सिद्ध होत नाही.

चरकाला ही सावधगिरी परकी नव्हती. पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्यं अति काळ, अति प्रमाणात वापरू नयेत असं विमानस्थानात स्पष्ट सांगितलं आहे. यातली पिंपळी तर रसायन म्हणूनही वापरली जाते. एकच द्रव्य रसायनही आणि अतिवापरात घातकही, हे ज्याला दोन हजार वर्षांपूर्वी बोलता येत होतं त्याच्या नावाने आज आपण 'साइड इफेक्ट नाहीत' म्हणतो. तोच चरक सांगतो की गुराखी, मेंढपाळ आणि रानात राहणारे लोक वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात, पण देश, काळ आणि माणूस पाहून तिची योजना करणं ज्याला कळतं तो वैद्य. तीक्ष्ण विषही योग्य योजनेने उत्तम औषध होतं आणि उत्तम औषध चुकीच्या योजनेने विष होतं, हा विचारही त्याच अध्यायातला. आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असतं. मग टीव्हीवर बोलताना ते विसरायला होतं कसं?

रोगप्रतिकारशक्तीच्या नावाने जो बाजार मांडला गेला त्यालाही ग्रंथाचा आधार नाही. कोणती शरीरं व्याधीला तोंड देऊ शकत नाहीत, हे चरकाने सांगितलं आहे. फार लठ्ठ, फार कृश, ज्यांचं मांस-रक्त-हाडं नीट घडलेली नाहीत, जे दुबळे आहेत, ज्यांना आपल्याला न मानवणाऱ्या अन्नाची सवय आहे, जे फार कमी खातात, ज्यांचं मन खचलेलं आहे, ते. म्हणजे प्रतिकार घडतो तो अन्नातून, बांध्यातून, मनातून. बाटलीतून दोन चमचे रसाने तो विकत मिळेल असं या यादीत कुठेही नाही.

आता मला जे सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. गुळवेल प्रतिकारशक्तीवर काम करते याचा चांगला पुरावा मुंबईतच उभा राहिला. केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. मराठी वाचकांना त्या 'हिरवाई' आणि 'वृक्षगान'च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत, पण औषधशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी गुळवेलीसाठी जे केलं ते आपल्या क्षेत्राने डोक्यावर घ्यावं असं आहे. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा त्यांच्या गटाचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेच्या आगेमागे जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणूस जातो, ही सर्जनांची जुनी डोकेदुखी. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना वजनानुसार मोजून गुळवेल दिली त्यांच्यात असा संसर्ग दिसला नाही. ज्यांना दिली नाही त्यांच्यातल्या निम्म्यांत दिसला. अभ्यास छोटा होता, पण त्याची मांडणी पाहा. रोग ठरलेला, रुग्ण निवडलेले, मात्रा किलोमागे मोजलेली, मुदत आखलेली, रोज तपासणी. नागपूरच्या संशोधकांनी २००५ मध्ये ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे केलेला अभ्यासही असाच, तुलनेसाठी निष्क्रिय गोळी देऊन केलेला. या कामाचा मला अभिमान आहे.

पण गुळवेल प्रतिकारशक्तीला जागं करते, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्याच्या शरीरात हीच शक्ती आपल्याच पेशींवर उलटण्याच्या बेतात आहे, ज्याला थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा यकृताचा ऑटोइम्यून आजार आहे, किंवा ज्याच्यात तो आतल्या आत सुरू आहे आणि त्याला पत्ता नाही, त्याच्यात ती जागी झाली तर काय होईल? मुंबईच्या आणि नंतरच्या नोंदींत ज्या प्रकारचे रुग्ण दिसतात ते नेमके याच शंकेशी जुळतात. एका तोंडाने ही वेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने ती कुणाच्याही बाबतीत वावगी वागूच शकत नाही म्हणायचं, हे चालणार नाही. जे द्रव्य काही करतं ते कुणाला तरी, कधी तरी नको तेही करतं. अपायाची शक्यताच नाकारायची असेल तर उपायाचा दावाही सोडावा लागेल, आणि तो सोडायला मी तरी तयार नाही.

हा प्रश्न आमच्या चिकित्सेलाही अवघड जागी नेऊन ठेवतो. आमवातात आम्ही सुंठीबरोबर गुळवेल देतो, अनेकांना उतार पडताना पाहतो. त्यांतले कित्येक आधुनिक निदानाने ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे ऑटोइम्यूनच असतात. मग त्यांना द्यायची की नाही? मी देतो, पण आधी यकृताच्या तपासण्या पाहून, मुदत ठरवून, आणि पुन्हा तपासून. असे रुग्ण आमच्या महाविद्यालयीन रुग्णालयांत रोज येतात. शेकडो रुग्णांच्या आधी-नंतरच्या तपासण्या एकत्र ठेवल्या तर हा वाद काही वर्षांत निकाली निघेल. ते काम आमचं आहे. यकृततज्ज्ञांनी ते करून द्यावं आणि आम्ही त्यांच्यावर चिडावं, हे शोभत नाही.

राहिलं चौथं उत्तर, ॲलोपॅथीच्या गोळ्यांचं. त्यात दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलच्या दाखल्यात मला फारसा दम दिसत नाही. हो, पॅरासिटामॉलने यकृत जातं. आणि किती गोळ्यांनी जातं, कुणी घेऊ नये, दिवसाला कमाल किती, जास्त झाली तर उतारा कोणता, हे सगळं छापलेलं आणि शिकवलेलं आहे. तुलना करायचीच तर त्या शिस्तीशी करू या.

आता पलीकडच्या बाजूलाही दोन शब्द. गुळवेल म्हणजे विष, तिच्यावर बंदी घाला, असं सांगणारे डॉक्टर सहा आणि त्रेचाळीस रुग्णांचे आकडे दाखवतात, पण किती लोकांनी ती घेतली तो आकडा त्यांच्याकडे नाही. काही रुग्ण इतर काढेही घेत होते, काहींचं यकृत आधीच दुखावलेलं होतं. कार्यकारण 'संभाव्य' आहे असंच त्या नोंदी म्हणतात, त्यापलीकडे त्यांना ओढू नये. आणि केईएमचं काम वाचल्याशिवाय या विषयावर बोलू नये, ही अपेक्षा काही जास्त नाही.

मात्रेबद्दल लोकांना कुणीच काही सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात गुळवेलीच्या वाळलेल्या पिकलेल्या खोडाचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी भरड २० ते ३० ग्रॅम सांगितली आहे. घन म्हणजे काढा आटवून केलेला अर्क, त्याची छोटी गोळीही बऱ्याच खोडाची असते. सत्त्व वेगळंच. ताजी कांडी ठेचून पाण्यात भिजवायची, कुस्करून गाळायची, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. तो बराचसा पिष्ट असतो, कडूपणा त्यात फार उरत नाही. चूर्ण, काढा, घन, सत्त्व, रस ही पाच वेगवेगळी औषधं आहेत, आणि एकाच दिवशी यांतली तीन पोटात ढकलणारा माणूस किती गुळवेल घेतो हे त्यालाही सांगता येणार नाही.

कायद्याची बाजू पाहा. औषध नियमांतल्या ई (१) अनुसूचीत बचनाग, कुचला, भिलावा अशी विषारी द्रव्यं आहेत. ती ज्या आयुर्वेदिक औषधात आहेत त्याच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापावा लागतो. गुळवेल त्या यादीत नाही आणि तिला तिथे घालावं असं मी म्हणणारही नाही, कारण ती विषारी नाही. पण त्यामुळे तिच्या बाटलीवर इशाऱ्याची सक्तीच उरत नाही. त्यावर दोन ओळी हव्यात. सलग किती दिवस घ्यायची, ही एक. आणि यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी, मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, ही दुसरी. वेष्टनातल्या वनस्पतीची जात तपासून घेतली आहे याची हमी कंपनीने द्यावी. विक्री कमी होईल, होऊ दे.

वैद्यांना माझं सांगणं आहे की आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी २०१८ पासून राष्ट्रीय यंत्रणा आहे, तिचं समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. गुळवेल घेणाऱ्या रुग्णाची कावीळ दिसली, आपण दिलेली असो वा त्याने स्वतः घेतलेली असो, तर तिथला अर्ज भरा. तो भरल्याने शास्त्राची बदनामी होत नाही.

आणि वाचकांना, विशेषतः २०२० पासून अजूनही रोज काढा घेणाऱ्यांना: आजार नसेल तर गुळवेल बंद करा. आजारासाठी घेत असाल तर कशासाठी, किती आणि कुठवर, हे वैद्याकडून लिहून घ्या. भूक गेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी घेणं थांबवून रक्ताची तपासणी करा, आणि डॉक्टरांना गुळवेल घेत होतो हे न लपवता सांगा.